गप्प झालेलं मेंढरू

माझा आवाज एका दिवसात गेला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून तो बसलेला होता. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात पन्नासच्या वर मुलं असतात, त्यामुळे दरवर्षी पहिले आठ-दहा दिवस घसा बसतोच. या वेळी बसला तो उठलाच नाही. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. जुलै संपता संपता मी फळ्यावर लिहून शिकवायला लागले आणि पाढे म्हणवून घ्यायला वर्गातल्या एका हुशार मुलीला पुढे उभं करायला लागले.

चर्चच्या गायनमंडळात मी वरच्या पट्टीत गायची. एका रविवारी पहिल्याच कडव्याला तोंडातून नुसती हवा आली. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. मी पुढची सगळी कडवी ओठ हलवत उभी राहिले. घरी आल्यावर यांना म्हटलं, "उद्या घशाच्या डॉक्टरांकडे जाऊ या." तसं मला संध्याकाळी कणकणही यायची आणि ब्लाउज सैल झाले होते, पण दुष्काळानंतरची ती वर्षं होती, कुणाचेच कपडे अंगाला बसत नव्हते. मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न

डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधला, माझी जीभ कापडात धरली आणि घशात लहान आरसा घालून बराच वेळ पाहिलं. मग छातीचा फोटो काढायला पाठवलं आणि थुंकी तपासायला सांगितली. चार दिवसांनी आम्ही दोघं परत गेलो तेव्हा त्यांनी आधी खुर्ची पुढे केली. तेव्हाच मला कळलं की बातमी उभ्यानं ऐकायची नाही.

"बाई, हा क्षय आहे," ते म्हणाले. "छातीत आहे, आणि तिथून स्वरयंत्रावर आलाय. बरा होतो, आता औषधं आहेत. दवाखान्यात राहावं लागेल. आणि एक पथ्य आहे. बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं जास्त ताण पडतो."

"किती दिवस?" यांनी विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

मी विचारलं, "मला परत शिकवता येईल?"

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. "हा तुमचा शेवटचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही."

घरी येताना हे सायकल हातात धरून चालत होते. मी शेजारून. अर्धा रस्ता झाल्यावर हे म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही. घशाला गाठ आलीय म्हणू. शालूचं ठरेपर्यंत तरी." शालू म्हणजे माझी धाकटी नणंद. तिच्यासाठी बार्शीचं एक स्थळ आलं होतं आणि बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. घरात क्षय आहे म्हटल्यावर ते लोक मागे सरतील, ही यांची भीती खोटी नव्हती. मला ते पटलं नाही, पण मला बोलायला बंदी होती. आमच्या संसारात पहिल्यांदाच शेवटचा शब्द यांचा झाला.

वॉर्ड

बायकांच्या वॉर्डात बारा खाटा होत्या. खिडक्या सताड उघड्या, बाहेर कडुनिंब. पहाटे थर्मामीटर, मग इंजेक्शन, मग दूध आणि अंडं, मग मोठमोठ्या गोळ्या. त्या गोळ्यांनी पोट असं ढवळायचं की दूध आत राहील का नाही याचीच रोज काळजी. दुपारी दोन तास सगळ्यांनी आडवं पडायचं. चार ते पाच भेटायची वेळ. भेटायला आलेल्यांनी दारातून आत यायचं नाही.

मी शाळेतली एक पाटी बरोबर नेली होती. काही हवं असलं की लिहायची. सिस्टर वाचायच्या, हसायच्या, म्हणायच्या, "बाईंचं अक्षर बघा." पण पाटीवर काय मावतं? 'पाणी', 'उलटी', 'आज किती वजन'. भीती वाटते हे मी कधी लिहिलं नाही.

आमच्या दोघी मुलींना वॉर्डाजवळ यायला परवानगी नव्हती. पहिल्या रविवारी हे त्यांना घेऊन खालच्या अंगणात उभे राहिले आणि मी वरच्या खिडकीत. थोरली नऊ वर्षांची, तिला समजत होतं. धाकटी रूथ चारची. ती खालून म्हणत होती, "आई, बोल ना. आई, एकदाच बोल." थोरलीनं तिला सांगितलं, "आईला डॉक्टरांनी सांगितलंय." रूथनं थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. या सगळ्या आजारात मी सर्वांत जास्त रडले ती त्या दिवशी, आणि तेही आवाज न करता रडावं लागलं.

प्रार्थना जमेना

आता जे लिहिते ते लिहायला मला थोडी लाज वाटते.

मी रविवारच्या शाळेत मुलांना बारा वर्षं शिकवत आले की देव आपला मेंढपाळ आहे, तो आपल्याला नावानं ओळखतो, आपण हाक मारली की धावून येतो. बायकांच्या प्रार्थनासभेत मी पुढे उभी राहून मोठ्यानं प्रार्थना करायची. बायका म्हणायच्या, सुनंदाबाईंनी प्रार्थना केली की वर पोचल्यासारखी वाटते. आणि दवाखान्यात मला प्रार्थना करताच येईना. मनातल्या मनात 'हे प्रभू' म्हणायची आणि पुढचं वाक्य सुटून जायचं. मग लक्ष कुणाच्या तरी खोकल्याकडे, नाहीतर पंख्याच्या आवाजाकडे. इतकी वर्षं मी देवाशी बोलत होते की माझ्या आवाजाशी, असा प्रश्न पडला.

त्यातच आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई भेटायला आल्या. त्यांना गाठ असल्याचं, आणि दुसरीकडे खाट नाही म्हणून या वॉर्डात ठेवल्याचं सांगितलेलं. दारातून म्हणाल्या, "सुनंदा, मनात एखादं पाप दडलेलं असेल तर कबूल कर हो. देव उगाच कुणाची वाणी काढून घेत नाही." मी पाटी हातात घेतली, काही लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, पुसलं. त्या गेल्या. पुढचे तीन दिवस मी पापं शोधत पडून राहिले. सापडलीही, शोधली तर कुणाचीही सापडतील. पण त्यानं घसा बरा झाला नाही आणि मनही.

आमच्या चर्चचे पाळक मात्र आले की फार बोलत नसत. दारात स्टूल मागून घेत, छोटी प्रार्थना करत आणि मग नुसते बसत. एकदा मी पाटीवर लिहून दाखवलं, 'मला प्रार्थना येत नाही.' त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरं. मग काही दिवस आम्ही करतो. तुम्ही झोपा." एवढंच. त्या दुपारी मला खरंच झोप लागली.

नागव्वा

माझ्या शेजारच्या खाटेवर नागव्वा होती. मंद्रूपच्या पलीकडची धनगरीण, पन्नाशीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. त्यामुळे माझी पाटी तिच्यापुढे कुचकामी. ती बोलायची आणि मी ऐकायची. तिला ते छान जमलं. ती म्हणायची, "तुमच्यावानी ऐकणारं मानूस मला आजवर भेटलंच न्हाय, बाई."

ती मेंढरांबद्दल बोलायची. घरच्यांबद्दलही बोलायची, पण मेंढरांबद्दल जास्त. कोणत्या वाटेला चारा, कुठल्या गावचे लोक रानात बसू देतात, व्यायलेल्या मेंढीला कसं सांभाळायचं. पाळक येऊन गेल्यावर एकदा तिनं विचारलं, "तुमचा देव मेंढरं राखतो व्हय? त्यो सायब मगाशी तसंच कायतरी म्हणत हुता."

मी मान हलवली.

"मग त्येला आमचं हाल म्हाईत असत्याल की," ती म्हणाली आणि कूस बदलून पडली.

दीडेक महिना झाला असेल. एक दिवस सकाळपासून माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं होऊ लागलं. उठून उभी राहिले तर जमीन तिरकी. मी खाटेचा दांडा धरला आणि परत बसले. वाटलं अशक्तपणा असेल. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाढली. आवाज गेला तो गेला, आता कानही जाणार, हे मनात आलं आणि मी गार पडले. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मला हाक मारता येत नव्हती. उठून जाता येत नव्हतं. पाटी उचलायचंही सुचलं नाही. मी नुसती बसून राहिले.

नागव्वा खाटेवर उठून बसली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं असा आवाज दिला की अंगणातली माणसं वर बघायला लागली. "ओ सिस्टरबाई, हिकडं या. मास्तरीणबाईंचं कायतरी बिघडलंय. कालधरनं दांडा धरून उठत्यात."

डॉक्टर आले. इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं. त्या औषधानं कुणाकुणाच्या कानावर परिणाम होतो, वेळेवर कळलं ते बरं झालं, असं ते म्हणाले. पुढे दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या. डाव्या कानाला मला आजही बारीक आवाज ऐकू येत नाहीत, पण कान राहिले.

दुपारी सगळं निवल्यावर मी नागव्वाला हातानं विचारलं, तुला कसं कळलं? तिला खूण कळली.

"त्यात काय हाय," ती म्हणाली. "वरडतंय ते मेंढरू भुकेलं असतंय, न्हायतर पिलू हुडकत असतंय. आजारी मेंढरू वरडत न्हाय, बाई. गप मागं ऱ्हातंय, मान खाली घालून. मेंढक्यानं वरडायची वाट बगितली तर ते मरून जायाचं. त्येला आपुनच बगावं लागतंय."

मी बारा वर्षं मुलांना अर्धीच गोष्ट शिकवली होती. आपण हाक मारतो आणि तो येतो, एवढीच. हाक मारता येत नाही त्याचं काय, हे माझ्या धड्यात नव्हतं, कारण मला कधी त्याची गरज पडली नव्हती. त्या दुपारी मी प्रार्थना करायचा प्रयत्न सोडून दिला. नुसती पडून राहिले, आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं कळत राहिलं. हे मी दिलासा म्हणून सांगत नाही. तसं झालं म्हणून सांगते. त्यानंतर ताप आला, उलट्या झाल्या, पण ती आधीची भीती परत आली नाही.

यांनी काय केलं

सप्टेंबर सरत आला होता. एका सोमवारी हे कामावरून परस्पर आले. गिरणीतला कापूस केसांत तसाच. दारात उभे राहून म्हणाले, "काल मी मंडळीत सांगितलं."

मी भुवया उंचावल्या.

"सगळं. गाठ नाही, क्षय आहे म्हणून. पाळकांनी तुझ्यासाठी प्रार्थना करा म्हटलं, आणि सगळे गाठीसाठी प्रार्थना करायला लागले. मला ते ऐकवेना. उभा राहिलो आणि सांगून टाकलं."

मी पाटीवर लिहिलं, 'शालू?'

यांनी केसांतला कापूस झटकला. मग म्हणाले, "बघू."

ते स्थळ गेलं. पंधरा दिवसांनी बार्शीहून पत्र आलं, आमचा विचार बदलला म्हणून. सासूबाई महिनाभर माझं नावही घेत नव्हत्या. त्यांचं काय चुकलं? लेकीची आई होत्या त्या. पण शालू पुढच्याच रविवारी दारात आली. हातातल्या डब्यात शेंगाची पोळी. मला तिच्याकडे बघवेना. तीच म्हणाली, "वहिनी, मान वर करा. जिथं आजार लपवून नांदावं लागलं असतं, तिथं मला जायचंच नव्हतं." आणि मग, "मुली बऱ्या आहेत. रूथला उवा झाल्या होत्या, काढल्या." शालूचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं, सगळं आधी सांगून.

दोन वाक्यं

दिवाळी झाली. नागव्वाचा ताप गेला होता, अंगावर मांस आलं होतं. एका दुपारी तिचा मुलगा बिराप्पा आला, तिशीचा गडी, खांद्यावर घोंगडं. दारातूनच म्हणाला, "अव्वा, चल. मेंढरं उद्या हालणार. पार भीमेच्या पल्याड जायाचं हाय."

नागव्वा गाठोडं बांधायला लागली. "मला आता काय झालंय? चांगली हाय की मी."

डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते. सिस्टर औषधं आणायला गेल्या होत्या. वॉर्डातल्या बायका नुसत्या बघत होत्या. आम्हा सगळ्यांना माहीत होतं की कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई अशीच बरं वाटलं म्हणून मधेच घरी गेली होती, आणि परत आली तेव्हा औषध लागू पडलं नाही. तिची खाट गेल्याच महिन्यात रिकामी झाली होती.

मी पाटीवर लिहिलं, 'जाऊ नका.' बिराप्पासमोर धरलं. त्यानं पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यालाही वाचता येत नव्हतं.

नागव्वानं गाठोडं उचललं. तेव्हा मी बोलले. अडीच महिन्यांनी.

"नागव्वा, जाऊ नका."

पत्रा खरवडल्यासारखा आवाज. माझा मलाच ओळखू आला नाही. घशात आग झाली. मी बिराप्पाकडे पाहून आणखी एक वाक्य बोलले, "मागं राहिलेलं मेंढरू तुम्ही सोडून जाता?"

त्यानं आईकडे पाहिलं. म्हणाला, "न्हाय, बाई. सोडत न्हाय. खांद्यावर घेतो. लईच बिमार असलं तर गावात कुणाकडं तरी ठिवून जातो, येताना नेतो."

नागव्वा खाटेवर बसली. गाठोडं मांडीवर. तिनं गाठोड्याची गाठ सोडली. मग म्हणाली, "मग मला हितंच ठिव की. येताना ने."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आरसा घालून माझा घसा पाहिला आणि विचारलं, "बोललात?"

मी मान हलवली.

"किती?"

मी दोन बोटं दाखवली.

"कोणाशी?"

मी शेजारच्या खाटेकडे बोट केलं. नागव्वा गोळ्या गिळत होती, तोंड वाकडं करून. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "पथ्य पंधरा दिवस वाढवलं," ते म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले. मला वाटतं ते हसत होते.

घरी

जानेवारीत डॉक्टर म्हणाले, "एक ते दहा म्हणा." मी म्हटलं. सहापर्यंत आवाज फाटत होता, सातपासून थोडा लागला. दाराबाहेर हे उभे होते. ते ऐकून त्यांनी टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी गेले तर रूथ दोन दिवस माझ्याजवळ आली नाही. हा आवाज तिच्या आईचा नव्हता. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच तिला माझ्या मांडीवर आणून बसवलं आणि म्हणाल्या, "आवाज बदलला म्हणून आई बदलते का गं?" ते वाक्य त्या रूथला बोलल्या की स्वतःला, मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून माझं ताट परत सगळ्यांच्या ताटांबरोबर मांडलं जाऊ लागलं.

वरच्या पट्टीत मला पुन्हा कधी गाता आलं नाही. आता खालच्या पट्टीत गात बायकांच्या मागे उभी राहते. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. जूनमध्ये शाळेत रुजू झाले. गोळ्या दीड वर्ष घेतल्या, एकही चुकवली नाही. नागव्वा उन्हाळ्यात बिराप्पाबरोबर गेली, पण दर महिन्याला गोळ्या न्यायला यायची, आणि आमच्या वेळा जुळल्या की दवाखान्याच्या पायरीवर तासभर बसायची. आता मीही बोलायचे, तरी ती म्हणायची, "तुमी गप हुता तवाच बरं हुतं." ती देवळात बिरोबाला जाते, मी चर्चला जाते. आमच्यात त्यावर कधी वाद झाला नाही.

हे लिहायला पाळकांनी सांगितलं. ते म्हणाले, मंडळीत आणखी दोन घरांत हा आजार आहे आणि ती घरं दार लावून बसलीत. त्यांच्यासाठी मी एवढंच सांगते. औषध मधेच सोडू नका. घरातल्यांना खरं सांगू द्या. आणि प्रार्थना जमत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. मेंढपाळ तुमच्या आवाजावर अवलंबून नाही, हे मला आता पक्कं ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी एका बाईंना माझ्या घरी पाठवलं. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या, मराठी थोडं समजणाऱ्या. त्यांच्या घशालाही तेच झालंय आणि त्यांनाही तेच पथ्य सांगितलंय. नवरा त्यांना दारात सोडून बाहेर थांबला. मी त्यांना सांगायला कितीतरी गोष्टी मनात जुळवून ठेवल्या होत्या. त्या येऊन चटईवर बसल्या, पदर तोंडावर धरून, मान खाली. मी खिडकी उघडली, पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला आणि समोर बसले. जुळवलेलं काहीच बोलले नाही. त्यांच्या डोळ्यांकडे, हातांकडे, श्वासाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.